हायवे टाळून

सोमवार, ९ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे. त्यांचं म्हणणं, हृदय ठणठणीत आहे, जे काही आहे ते डोक्यात, आणि डोक्यातलं कागदावर उतरलं की थोडं हलकं होतं. मला नाही तसं वाटत. पण गोळ्या नको म्हणून बसल्यावर काहीतरी करायलाच हवं.

झालं ते असं. गुरुवारी सकाळी नेहमीसारखी जोन्सबरोहून निघाले आणि हायवेला लागले. अटलांटाच्या मधोमध जिथे दोन हायवे एक होतात आणि दोन्हीकडून गाड्या घुसायला लागतात, तिथे माझ्या उजवीकडे एक भलामोठा ट्रक होता, डावीकडे सिमेंटची भिंत. एकाएकी हात माझे राहिले नाहीत. स्टिअरिंगवर होते, दिसत होते, पण दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. श्वास वरच्या वर. आता हा ट्रक अंगावर येणार किंवा मीच त्याच्यात शिरणार, आणि मला काहीही करता येणार नाही, एवढं मात्र स्वच्छ कळत होतं. कडेला कशी आले आठवत नाही. मागून हॉर्न आणि शिव्या. पोलिसाने काच वाजवली तेव्हाही मी चाक घट्ट धरून बसले होते.

वर्षानुवर्षं याच रस्त्याने जाते आहे. काही नवीन नव्हतं. हेच जास्त भीतीचं आहे.

लमॉन्टला, म्हणजे नवऱ्याला, त्याच संध्याकाळी सांगणार होते. पण तो टोइंगचा ट्रक चालवतो, हायवेवर बंद पडलेल्या आणि आपटलेल्या गाड्या उचलतो, आणि रोज जेवताना एक गोष्ट घेऊन येतो. त्या दिवशीची गोष्ट अशी होती: "आज एक बाई भेटली, निटा. मधल्या लेनमध्ये गाडी थांबवून रडत बसलेली! टायर ठीक, इंजिन ठीक. म्हटलं, बाई, रडायला घरी सोफा नाही का?" ममा, म्हणजे माझी सासू, खूप हसली. मीही हसले.

मग कुठलं सांगते.


मंगळवार, १० सप्टेंबर

आज हायवेवर चढायच्या रॅम्पपर्यंत गेले. इंडिकेटर लावला, पायाला घाम फुटला. तशीच सरळ निघून गेले, टारा बुलेवर्डवर एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान आहे त्याच्या रिकाम्या पार्किंगमध्ये थांबले. कामावर फोन करून आजारी आहे म्हणावं का, हा विचार चालला होता. समोर बसथांबा. दोन बाया आणि एक म्हातारा उभा होता. बस आली. का कोण जाणे, मी धावले.

पैसे कुठे टाकायचे ते कळेना. मागे माणसं खोळंबलेली. ड्रायव्हर बाई म्हणाली, "पहिल्यांदाच का? टाका सावकाश, हनी." एवढ्या प्रेमाने म्हणाली की डोळ्यांत पाणी आलं. बसने स्टेशन, तिथून ट्रेन, मग पायी. क्लिनिकला पोचले तेव्हा मोतीबिंदूचे पेशंट माझ्या नोंदणीच्या खिडकीपाशी रांग लावून उभे होते, आणि कोर्टनी माझ्या खुर्चीत बसली होती. कोर्टनी आमची मॅनेजर, माझी मुलगी शोभेल अशा वयाची. "सगळं ठीक ना, वर्निटा?" म्हणाली. टायर पंक्चर, असं सांगितलं.

घरी लमॉन्टने विचारलं, आज ट्राफिक कसा होता. "नेहमीचाच."


शुक्रवार, १३ सप्टेंबर

चार दिवस बसने. रोज ठरवते की उद्या हायवेने. घरातून लवकर निघावं लागतं म्हणून लमॉन्टला सांगितलं की नवीन नियम आहे, सगळ्यांना लवकर बोलावतात. त्याने नुसतं "हं" केलं.

बसमध्ये एकाशी ओळख झाली. हॉलिस त्याचं नाव. शहरातल्या एका हॉटेलात केक करतो. बारीक, पिकलेल्या दाढीचा, बायको वारलेली, अंगाला कायम व्हॅनिलाचा वास. माझ्या शेजारी बसून म्हणाला, "ताई, तुम्ही पुढच्या सीटचा दांडा असा धरता, जसं काही बस तुम्हीच चालवताय." आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं. ट्रक, भिंत, हात, सगळं. आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याने ऐकलं, मग म्हणाला, "माझी बायको पुलावरून जाताना डोळे मिटून प्रार्थना म्हणायची. गाडी तीच चालवायची, ही अडचण." मी एवढ्या जोरात हसले की लोक वळून बघायला लागले.

रात्री कॅटफिश तळला. ममा पाय शेकत बसली होती. मी सहज विचारलं, ममा, तुम्ही लोकांच्या घरी कामाला बसनेच जायचात ना? तिने तोंड उघडायच्या आत लमॉन्ट म्हणाला, "तो विषय जेवताना नको." आमच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर हातात ग्लास घेऊन तो म्हणाला होता, माझी बायको कधी बसथांब्यावर उभी राहणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. माझी आई रडली होती.


रविवार, २२ सप्टेंबर

दर रविवारी लमॉन्ट माझ्या गाडीत पेट्रोल भरून आणतो. चर्चला जायच्या आधी, चांगले कपडे घालून. फुलं कधी आणली नाहीत त्याने, पण हे एकदाही चुकवलं नाही.

आज परत आला आणि किल्ली ओट्यावर ठेवून तिथेच उभा राहिला.

"टाकी भरलेलीच होती, निटा."

मी म्हटलं, "हो? बरंय की."

"गेल्या रविवारीही फारसं लागलं नाही."

"पुढचा रस्ता मोकळा झाल्यामुळे असेल."

लमॉन्टला मोकळ्या रस्त्याबद्दल सांगणं म्हणजे कोळ्याला समुद्राबद्दल सांगणं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असेल." चर्चमध्ये माझा हात धरला नाही. दमला असेल. त्याच्या कंपनीत दोन माणसं कमी केली आहेत असं ऐकलं होतं.


गुरुवार, २६ सप्टेंबर

ट्रेनमध्ये एवढी थंड हवा सोडतात की दात वाजतात. हॉलिसने त्याचं जाकीट दिलं, ते परत द्यायचं राहिलं, येताना गाडीत मागे टाकलं. घरी आले तेव्हा लमॉन्ट अंगणात होता. त्याने गाडीचं दार उघडलं, मागच्या सीटवरचं जाकीट उचललं, हातात धरून फिरवून पाहिलं.

"कुणाचं?"

"ऑफिसात खूप गारठा असतो. तिथलंच आहे कुणाचं तरी."

"कुणाचं तरी," तो म्हणाला. नाकाशी नेलं. "व्हॅनिलाचा वास येतोय."

"कोर्टनी वासाच्या मेणबत्त्या लावते."

एक खोटं झाकायला आता मेणबत्त्यासुद्धा लागायला लागल्या. जेवताना त्याने गोष्ट सांगितली नाही. ममाने विचारलं तरी नाही. मला वाटतं कामावर काहीतरी झालंय आणि तो लपवतोय.


मंगळवार, १ ऑक्टोबर

माझी खात्री होत चालली आहे. लमॉन्टची नोकरी गेली असावी, किंवा जाणार. सगळी लक्षणं तीच.

एक: सकाळी मी ट्रेनमध्ये असताना फोन करतो. "कुठे पोचलीस?" याआधी कामाच्या वेळी कधी फोन केला नाही त्याने. मागे ट्रेनची घोषणा ऐकू येऊ नये म्हणून मी तोंडाशी हात धरून बोलते. तो म्हणतो, "आवाज असा का येतोय?" मी म्हणते, खिडकी उघडी आहे.

दुसरं, दाढी काढली. मी ओळखते तेव्हापासूनची दाढी. नवा शर्ट आणला. नोकरीच्या मुलाखतीला जाणारा माणूस हेच करतो.

आणि काल दुपारी माझ्या क्लिनिकला फोन करून विचारलं की वर्निटा किती वाजता येते हल्ली. रिसेप्शनवरच्या मुलीने मला हसत सांगितलं. आधी घाबरले. मग वाटलं, एखाद्या दिवशी येऊन मला बाहेर गाठून सांगायचं असेल, घरी ममासमोर नको म्हणून.

बिचारा. आणि मी त्याला आणखी एक ओझं कसं देऊ? गाडीचे हप्ते त्याच्याच जिवावर चालतात, आणि गाडी एका बंद दुकानापुढे उन्हात उभी असते.


रविवार, ६ ऑक्टोबर

आज फारच झालं. चर्चनंतर सगळे खाली हॉलमध्ये जेवत होते. टोनिया, म्हणजे लमॉन्टची धाकटी बहीण, माझा दंड धरून मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिच्या हातात केकची प्लेट तशीच.

"निटा, सरळ विचारते. तुला स्टेशनवर पाहिलंय."

"कुणी पाहिलं?"

"कुणीही असेना. किती दिवस चाललंय हे?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "महिना झाला."

"देवा रे! आणि बंद करायचा काही विचार?"

"रोज करते गं! रोज सकाळी ठरवते, आज नाही म्हणजे नाही, आज सरळ कामावर. वळणापर्यंत जाते आणि जमतच नाही. अंगाला कापरं भरतं. मग तिकडेच वळते."

"कापरं भरतं!" टोनियाने वर आकाशाकडे पाहिलं. "माझ्या भावात काय कमी होतं?"

प्रश्न जरा विचित्र वाटला. म्हटलं, "त्याचा काय दोष यात? त्याने सगळं दिलं. म्हणून तर सांगता येत नाही. त्याला कळलं तर ममाचं सगळं पुन्हा वर येईल."

"ममाचं? ममाचा काय संबंध?"

"असं काय करतेस? ममाने आयुष्यभर तेच नाही का केलं? तुम्हा दोघांना वाढवायला. अंधारात जायची, अंधारात परत यायची. लमॉन्ट खिडकीत बसून वाट बघायचा, हे तूच तर सांगितलंस मला. आणि खरं सांगू? मला तर वाटतं, ममाला त्यात मजाही येत असणार. चार माणसं भेटतात."

टोनियाचा चेहरा राखेसारखा झाला. केकची प्लेट तिने कठड्यावर ठेवली. "देवाच्या अंगणात उभी राहून माझ्या आईबद्दल..." एवढंच म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

आई बसने जायची याची तिला अजून इतकी लाज असेल असं वाटलं नव्हतं.


बुधवार, ९ ऑक्टोबर

बस आलीच नाही. का ते कुणालाच कळलं नाही. थांब्यावर आम्ही सगळे रस्त्याच्या वळणाकडे डोळे लावून. गाड्या वाऱ्यासारख्या जात होत्या, एकेका गाडीत एकेक माणूस. माझी गाडी माझ्या मागे पन्नास पावलांवर, किल्ली माझ्या पर्समध्ये. ही कसली शिक्षा आहे?

क्लिनिकमध्ये कोर्टनीने केबिनमध्ये बोलावलं. "वर्निटा, तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या. मला हे बोलायला आवडत नाही. पण पेशंट उपाशीपोटी आलेले असतात, डोळ्यांत थेंब घालायचे असतात. पुन्हा उशीर झाला तर मला वर कळवावं लागेल." मी म्हटलं, होणार नाही. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

घरात दोघांपैकी एकाची तरी नोकरी टिकायला हवी.


शुक्रवार, ११ ऑक्टोबर

लमॉन्ट मला बाहेर जेवायला घेऊन गेला. पांढऱ्या टेबलक्लॉथचं हॉटेल. नवा शर्ट, बिनदाढीचा चेहरा. समोर कुणी पाव्हणा बसलाय असं वाटत होतं. आता सांगणार, आता सांगणार, म्हणून मी श्वास रोखून बसले.

तो म्हणाला, "निटा, तू सुखी आहेस का?"

मी म्हटलं, "आहे की."

"माझ्याकडून काही राहिलं असेल तर सांग. मी ऐकेन. चिडणार नाही."

"काही नाही राहिलं."

त्याचे डोळे भरले. लमॉन्टचे! मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "जे असेल ते होऊ दे, आपण निभावून नेऊ." त्याने हात काढून घेतला. गोड काहीच मागवलं नाही.

नोकरी नसेल. आजार असेल. त्याचे वडील याच वयात गेले.


शनिवार, १२ ऑक्टोबर

लमॉन्टवर आधीच एवढं काही असताना मी ही नाटकं करत बसले आहे. आज ठरवलं, बास. सुट्टीचा दिवस, रस्ता रिकामा. दूध आणते सांगून निघाले आणि रॅम्पवर चढले.

चढले, हे लिहून ठेवते. पहिला पूल पार झाला. मग आरशात दूरवर एक ट्रक दिसला. अजून खूप लांब होता. हात गेले. पुढच्या उतारावरून खाली आले ती कशी आले ते येशूला ठाऊक. एका पेट्रोल पंपामागे कचऱ्याच्या डब्यांजवळ थांबून ओकले. मग रडले.

घरी आले तेव्हा लमॉन्ट दारात.

"कुठे गेली होतीस?"

"दुधाला."

"दूध कुठाय?"

दूध राहिलंच होतं. तो माझे डोळे बघत राहिला. मग बाजूला झाला, मला आत जायला वाट दिली, आणि "ठीक आहे" म्हणाला. असं म्हणाला की मला घरात शिरायची भीती वाटली.


सोमवार, १४ ऑक्टोबर

आजचं आजच लिहिते.

सकाळी बसमधून स्टेशनवर उतरले. हॉलिस पुढे उतरला आणि त्याने हात दिला, पायरी उंच असते म्हणून रोजच देतो. वर पाहिलं तर खांबाला टेकून लमॉन्ट उभा. कामाचा गणवेश, छातीवर नावाची पट्टी. मला एकदम सगळं उलगडलं. नोकरी गेली आहे, आणि हा रोज गणवेश घालून घरातून निघतो आणि इथे येऊन वेळ काढतो. मी धावतच गेले आणि त्याचे दोन्ही दंड धरले.

"किती दिवस झाले, लमॉन्ट?"

"ते तू सांगायचंस."

"मला सगळं कळलंय. आधीच का नाही बोललास? आपण भागवू कसंही."

"भागवू?" तो ओरडला. "भागवू म्हणजे काय? तिघांनी?"

तेवढ्यात हॉलिस मागून आला, हसत. "हेच का मिस्टर लमॉन्ट? किती ऐकलंय तुमच्याबद्दल!" आणि हात पुढे केला.

लमॉन्टने त्या हाताकडे बघितलं. "किती दिवस?"

"आमचं? महिना होऊन गेला असेल की," हॉलिस बिचारा सरळपणाने म्हणाला. "रोज बरोबरच असतो आम्ही. यांच्यामुळे वेळ कसा जातो कळत नाही."

लमॉन्टची मूठ वळलेली मी पाहिली. आणि त्या क्षणी, देवा, त्या क्षणी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पेट्रोल, जाकीट, दाढी, टोनिया. सगळं एकदम.

"लमॉन्ट, मी बसने जाते!"

"काय?"

"बसने जाते कामावर. मला हायवेवर गाडी चालवता येत नाही. माझे हात जातात. मी मरणार होते, लमॉन्ट, त्या गुरुवारी मी मरणार होते."

आजूबाजूचे लोक थांबले होते. लमॉन्टचं तोंड उघडंच. त्याने हॉलिसकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

"हा हॉलिस. हा पण बसने जातो."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. लमॉन्ट बाकावर बसला. धप्पकन, पोतं टाकावं तसा. बराच वेळ दोन्ही हातांनी गुडघे चोळत राहिला. मला वाटलं, आता हसेल. आता उठून मिठी मारेल. खरंच तसं वाटलं.

त्याने मान वर केली. "याला माहीत होतं? तू मरणार होतीस ते?"

हॉलिस मागे सरकला. मी म्हटलं, "हो."

"आणि मला नव्हतं."

उठला आणि निघून गेला. त्याचा ट्रक बाहेर बसच्या जागेत आडवा लावलेला होता. सगळा रस्ता बसच्या मागे आला असणार.

मला पुन्हा उशीर झाला. कोर्टनीने वर कळवलं.


बुधवार, १६ ऑक्टोबर

दोन दिवस बोलला नाही. आज मी भांडी घासत असताना मागे येऊन उभा राहिला.

"सकाळी वायरलेसवर तुझ्यासारखी पांढरी गाडी आपटल्याचं आलं की मी आधी नंबर विचारतो. तुला गाडी घेतली तेव्हापासून. तुझा नंबर नाही असं कळेपर्यंत माझ्या तोंडाला कोरड असते. आणि तू खरोखर तिथे, भिंतीला चिकटून, एकटी..."

मी म्हटलं, "तू हसतोस, लमॉन्ट. घरी येऊन त्या लोकांवर हसतोस. माझ्यावर हसला असतास."

"हसलो नाही तर मला जेवण जाईल का?" तो म्हणाला. "काय काय उचलतो मी, ते सांगू का तुला जेवताना?"

नळ वाहत होता. मी बंद केला. इतक्या वर्षांत मला हे कळलं नव्हतं, आणि मी त्याच्याकडून अपेक्षा करत होते की त्याने माझं ओळखावं.

पण तो अजून पुरता निवळलेला नाही. झोपताना पाठ केली. एवढंच म्हणाला, "दुसऱ्या बाईजवळ मन मोकळं केलं असतं मी, तर तुला कसं वाटलं असतं?"


रविवार, २० ऑक्टोबर

टोनियाने रागाच्या भरात ममाला फोन करून विचारलं होतं म्हणे, की तरुणपणी तू रात्री कुठे जायचीस ते खरं सांग. आज जेवताना सगळा गोंधळ उघडा पडला. टोनिया लाजून टेबलाखाली जायची बाकी होती. ममा खोकला येईपर्यंत हसली. "या वयात माझ्या नावावर असं काही लागेल वाटलं नव्हतं! अगं, जरा गावभर होऊ द्यायचं होतंस!" लमॉन्टसुद्धा हसला. किती दिवसांनी.

मग ममा डोळे पुसून त्याला म्हणाली, "मुला, इतकी वर्षं तू मला तो विषय काढू दिला नाहीस. बसचं मला काही नव्हतं. बसमध्ये ऊब असायची, माणसं असायची. वाईट होता तो थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता. फूटपाथ नाही, दिवा नाही, गाड्या अंगाला घासून जायच्या. तेवढ्यापुरतं कुणी असायला हवं होतं."

लमॉन्ट ताटातला मक्याचा पाव कुस्करत राहिला.


शुक्रवार, १ नोव्हेंबर

क्लिनिकमध्ये शेवटी कोर्टनीला खरं सांगितलं. वाटलं होतं काढून टाकतील. तिने दाराकडे एकदा पाहिलं, मग हळूच म्हणाली, "मी लिफ्टने जात नाही, तुमच्या लक्षात आलं नाही का कधी?" सकाळची खिडकी मात्र गेली. सोमवारपासून दुपारची पाळी, क्लिनिक बंद करून निघायचं. पगार थोडा कमी. बसला उशीर झाला तर पेशंट खोळंबणार नाहीत, पण परत येताना काळोख पडलेला असणार. आणि गाडी रोज नुसती उभी कशाला ठेवायची, म्हणून माझी गाडी टोनियाच्या मुलीला वापरायला द्यायचं लमॉन्टनेच सुचवलं. सुचवताना माझ्याकडे बघितलं नाही.

हॉलिस आता भेटणार नाही, त्याची वेळ सकाळची. त्याचा निरोप घेतला. लमॉन्टला सांगून घेतला.


सोमवार, ४ नोव्हेंबर

दुपारच्या पाळीचा पहिला दिवस. परतीची बस निम्मी रिकामी. बाहेर गच्च काळोख, टारा बुलेवर्ड जवळ येत चाललेलं. त्या थांब्यापासून आमचं घर जवळ नाही. लमॉन्ट सकाळी फक्त "बघू" म्हणाला होता. हल्ली बरंच काही "बघू" वरच असतं.

थांब्याच्या अलीकडे बसचा वेग कमी झाला. पुढे पिवळे दिवे गरगरत होते, सगळा रस्ता पिवळा झालेला. माझ्या शेजारची बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "अरे देवा, कोण गेलं?" लोक उठून पुढच्या काचेतून बघायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "ॲक्सिडेंट दिसतोय, बसा सगळे."

बरोबर थांब्यावर टोइंगचा ट्रक आडवा लावलेला होता. मागे रस्त्यावर धोक्याचे लाल त्रिकोण मांडलेले, दुकानाच्या पार्किंगपर्यंत. आणि त्यांच्या मधोमध चमकणारं जाकीट घातलेला लमॉन्ट, हातात बॅटरी, जाणाऱ्या गाड्यांना हळू चला, हळू चला म्हणून खुणावत होता.

"ॲक्सिडेंट नाहीये," मी म्हटलं. "माझा नवरा आहे."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बाई, त्याला सांगा, ही माझी थांबायची जागा आहे."

उतरले. लमॉन्टने बॅटरीचा झोत माझ्या पायांपुढे धरला, तसाच ट्रकपर्यंत नेला. त्रिकोण एकेक करून उचलले, मला हात लावू दिला नाही. आत हीटर चालू होता. आम्ही निघालो. चौकात आलो, डावीकडे रॅम्प. त्याने वेग कमी केला.

"एकच एक्झिट, लगेच खाली," तो म्हणाला. "मी चालवतो. तू नुसती बस. वर जायचं?"

माझा हात आपोआप दाराच्या दांड्यावर गेला होता. त्याने तो पाहिला.

"आज नको."

"बरं," म्हणाला, आणि सरळ निघाला.

पुन्हा कधीतरी विचारेल. त्याची धाकधूक आत्तापासूनच लागली आहे. पण ती मी त्याला सांगितली, घरी पोचायच्या आत.